अकोल्याचा सिक्वेन्सर आणि मामांचा दुपट्टा

तुमच्या स्टुडिओत सिक्वेन्सर कुठाय, असं कोणी विचारलं की मी म्हणतो, बाहेरदेशी नंबर लावलाय, यायचाय. हे खोटं नाही. नंबर खरंच लावलाय. पण विचारणारा गेला की मी उगाच केबली गुंडाळत बसतो, कारण मला जो हवा होता तो बाहेरदेशी नव्हता, अकोल्याला होता, आणि तो मी हातचा घालवला. कसा घालवला हे आठवलं की आजही कान तापतात.

सिक्वेन्सर म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर आमच्या आईसारखं तुम्हीही त्याला शेवटपर्यंत इन्व्हर्टर समजाल. हा एक डबा असतो. स्वतः आवाज करत नाही. त्यावर बटणांची रांग असते. कुठल्या मात्रेवर ढोलकी, कुठल्या मात्रेवर टाळ, कुठे काहीच नाही, हे बटणं दाबून ठरवायचं, की तो बाकीच्या यंत्रांना हुकूम सोडतो आणि ठेका वाजवून घेतो. हे काम कॉम्प्युटरवरही होतं, फुकट होतं. पण माउसनं ठेका लिहिणं म्हणजे चमच्यानं भाकर खाणं. पोट भरतं, जेवल्यासारखं वाटत नाही.

माझा स्टुडिओ अमरावतीत, बडनेरा रोडला, टायरच्या दुकानावर. पुण्यात बरीच वर्षं ध्वनिमुद्रणाचं काम करून मी परत आलो तेव्हा काय काय मनात होतं, ते सोडा. येतात कोण, तर खंजेरी भजनाची मंडळं, वरातीपुढे गाडीवर कीबोर्ड आणि ताशे वाजवणाऱ्या धुमाल पार्ट्या, आणि निवडणूक आली की उमेदवार. यातल्या खंजेरीवाल्यांनी माझा जीव खाल्ला होता. त्यांचं भजन संथ सुरू होतं आणि शेवटाकडे असं धावतं की वाजवणाऱ्याची बोटं दिसत नाहीत. कॉम्प्युटरला लय चढवायची तर चढ आधी आखून ठेवावा लागतो, आणि आमची माणसं आखल्याप्रमाणे गात नाहीत. गाणाऱ्यांबरोबर हातानं चढवता येईल असं यंत्र मला हवं होतं.

म्हणून मी परदेशातल्या लहान लहान कारागिरांची यंत्रं बघायला लागलो. हे लोक वर्षाला मोजकेच डबे बनवतात, अक्रोडाचं लाकूड, पितळी बटणं, आणि व्हिडिओत दाढीवाला माणूस कुंडीतल्या झाडांसमोर बसून हळू आवाजात बोलतो. मी हे व्हिडिओ जेवतानासुद्धा बघायचो. बायको म्हणाली, लग्नाच्या वेळी माझा फोटो तरी इतका बघितला होता का? मी म्हटलं, तुझ्यात इतकी बटणं नव्हती. दोन दिवस भाजीत मीठ कमी होतं.

एका धुमाल पार्टीचा कीबोर्डवाला माझ्याकडे यायचा. त्यानं एकदा ते व्हिडिओ पाहिले आणि म्हणाला, "भाऊ, हे काहून पाहून राह्यले तुमी? अकोल्याले एक पोरगी बनवते ना. फळाच्या व्यापाऱ्याची पोरगी हाय. एकच बनवला, पण काय बनवला." त्यानं मोबाइलवर आवाज ऐकवला. मी दुसऱ्या दिवशी फोन लावला.

फोनवर ती बोलली नेमकं, कामापुरतं. पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला, घराच्या माडीवरच्या खोलीत काम करते. बघायला या, म्हणाली. मी रविवारी एकट्यानंच जाणार होतो, पण आईनं मामांना कळवलं, आणि मामा शनिवारीच चांदूर रेल्वेजवळच्या गावाहून येऊन थडकले. "एकट्यानं माल पाहायले जात नसते," म्हणाले. आमच्या घरात बैलजोडी, प्लॉट, स्कूटर, ताईचा नवरा, सगळं मामांनीच पारखून घेतलेलं. त्यांना सिक्वेन्सरचं काय कळतं, असं मी आईला स्वयंपाकघरात दबक्या आवाजात म्हटलं. आई म्हणाली, "त्यायले माणसं समजतात." मी मनातून खट्टू झालो.

खरं सांगू? मला मामांची लाज वाटायची. लहानपणी नाही. लहानपणी त्यांच्या खांद्यावरचा दुपट्टा धरून मी बैलबाजार फिरलोय. पुण्याहून आल्यावर वाटायला लागली. त्यांचं ते मोठ्यानं बोलणं, "मले" आणि "तुले", कोणाच्याही घरात शिरून पंख्याची किंमत विचारणं. पुण्यात मी माझी बोली अशी घासून पुसून ठेवली होती की तिथले लोक म्हणायचे, तुम्ही विदर्भातले वाटत नाही. आणि मी निर्लज्जपणे खूश व्हायचो.

अकोल्यात त्यांचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत. खाली फळांचं गोदाम, वर दोन खोल्या. तिचे अब्बा दारातच उभे होते. संत्र्याचा बहर झाडावरच विकत घ्यायचा आणि तोडून बाजारात न्यायचा, हा त्यांचा पिढीजात धंदा. मामांना बघताच म्हणाले, "या पाटील, बसा." शेतकरी दिसला की व्यापारी त्याला पाटीलच म्हणतो. मामांनीही कधीकाळी अशांनाच बहर विकलेला. दोघं पाच मिनिटांत अंबिया बहराच्या फळगळीवर असे रंगले, जणू कामच त्यासाठी होतं.

चहा आला. अब्बा हसत हसत, पण ऐकू जाईल असं म्हणाले, "पाटील, हा पोरीचा पहिला माल हाय. मी तिले सांगतलं, बाहेरचा गिऱ्हाईक सौदा करून घेऊन गेला तर खोली तुही. नाई तं संत्रा आला का मले क्रेट ठेवाले जागा लागते, आन् तू आपली नोकरी पाहा." ती ओढणी सारखी करत म्हणाली, "अब्बा, चहा तर पिऊ द्या त्यायले." म्हणजे काय पणाला लागलंय ते मला तिथेच, पहिल्या घोटाबरोबर कळलं होतं. कळलं नव्हतं अशी सबब मला नाही.

मग तिनं कपडा बाजूला केला. सागवानी बाजू, कुठल्या तरी जुन्या दाराच्या असाव्यात. बटणं साधी, पण दाबली की बोटाला बरं वाटावं अशी. आणि उजव्या अंगाला एक मोठं गोल बटण. ते फिरवत नेलं की लय चढते, सोडलं की आहे तिथे थांबते. तिनं मला ते फिरवायला दिलं. सात मात्रांच्या ठेक्यावर मी हळूहळू चढवत नेलं, आणि खंजेरी जशी शेवटाला जाते तशी ती गेली, कुठेही न अडखळता. माझ्या अंगावर काटा आला. एवढे महिने दाढीवाल्यांचे व्हिडिओ बघितले, त्यातल्या एकालाही ही गोष्ट सुचली नव्हती. त्यांच्याकडे खंजेरी नव्हती ना.

"खूप छान," मी म्हटलं. एवढंच. पुण्यात शिकलेलं.

मामांनी चष्मा लावला. डबा उचलून वजन पाहिलं. उलटा केला. एकेक स्क्रू नखानं हलवून बघितला. लाकूड बोटानं वाजवलं. "बाई, याले आवाजच नाई," म्हणाले. ती म्हणाली, "मामा, आवाज याचा नसतेच. हा मालक हाय, काम दुसरे करतात." मामा म्हणाले, "हा दिवा ठेक्याच्या मागून लागून राह्यला." ती म्हणाली, "नाई लागत, तुमी मागून पाहून राह्यले." अब्बा खाली बघून हसले. मामा थांबेनात. हा कोपरा घासलेला. हे बटण सैल. गरम होते का? पाण्यात पडला तर? "पाण्यात तुमी पडले तर?" ती म्हणाली. मामा म्हणाले, "चालवून दाखव. आता दौडव." तिनं दौडवला. मामांनी मान हलवली, पसंत नसल्यासारखी.

इकडे मला घाम फुटलेला. वर्षभर खपून एका मुलीनं यंत्र घडवलंय, आणि माझा मामा त्याचे दात मोजतोय. मला वाटलं, ही काय म्हणत असेल आम्हाला. कुठून आले हे अडाणी. ती हसत होती, हे मला दिसत होतं. पण लाज वाटायला लागली की माणसाला समोरचं दिसत नाही, स्वतःचंच तोंड दिसतं.

आणि मग मामांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, उजव्या हातावर टाकला आणि तो हात अब्बांपुढे केला.

ज्यांनी बैलबाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिथे किंमत तोंडानं बोलत नाहीत. विकणारा आणि घेणारा कपड्याखाली हात घालतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. आजूबाजूच्या चार लोकांना काही कळत नाही. फळबाजारातही जुने लोक असंच करायचे. अब्बांचा हात लगेच पुढे आला, दुपट्ट्याखाली गेला. ती रीतीप्रमाणे खिडकीकडे बघायला लागली. दोघा म्हाताऱ्यांचे चेहरे दगडासारखे, आणि कपडा खालून थोडा थोडा हलतोय.

मला ते सहन झालं नाही. वाटलं, कारागिराच्या घरात बसून हा गुरांचा बाजार मांडलाय. मी उठलो, म्हटलं, "मामा, पुरे झालं आता," आणि दुपट्टा ओढून घेतला.

दोघांचे हात उघडे पडले. मामांच्या मुठीत अब्बांची बोटं होती. मी माझ्या स्वच्छ पुणेरी मराठीत म्हणालो, "माफ करा, आमच्या मामांना सवय आहे. तुमचं काम अप्रतिम आहे. मी विचार करून कळवतो."

अब्बांनी हात मागे घेतला. "ठीक आहे, साहेब," म्हणाले. तासभर मी भाऊ होतो, तो साहेब झालो. तिनं डब्यावर कपडा टाकला आणि कपबशा उचलल्या.

परतताना गाडीत मी मामांना झाडलं. लोकांच्या घरी असं करत जाऊ नका, ही कलेची गोष्ट आहे, ती मुलगी काय म्हणाली असेल, वगैरे. मामा दुपट्ट्याची घडी मांडीवर ठेवून बसले होते. "बरं," म्हणाले. मूर्तिजापूरला चहा घेतला. एरवी हॉटेलवाल्याला दूध कुठून घेता विचारणारा माणूस, अर्धा कप ठेवून उठला. मी समजलो, चूक कळली असेल. मनातल्या मनात मला बरंही वाटलं, काय सांगू.

मला ते यंत्र घ्यायचं होतं. कळवतो म्हणालो ते खरंच कळवायला. पण लगेच निवडणुकीची गाणी आली, एकाच चालीवर तीन उमेदवार, प्रत्येकाला दुसऱ्याहून वेगळं पाहिजे. मध्ये मी बाहेरच्या एका यंत्रासाठीही नाव नोंदवून टाकलं, असू द्या हाताशी म्हणून. अकोल्याचं काय, आपलंच आहे, फोन केला की झालं. थंडी पडली. मग कौंडण्यपूरकडचं एक भजनी मंडळ आलं. भजन रंगात आलं, ते लोक पुढे धावले आणि माझा कॉम्प्युटर मागे एका चालीनं टकटक करत राहिला. त्यांचे म्हातारे बुवा थांबले आणि म्हणाले, "हा तुमचा गडी थकला वाटते." सगळे हसले. मी बाहेर गॅलरीत जाऊन तिला फोन केला.

"आता नाही जमणार," ती म्हणाली. माझ्याशी ती माझ्यासारखंच बोलायची, मोजून. मी म्हटलं, मी येतो, समक्ष बोलू. ती म्हणाली, अब्बांशी बोला.

मी एकटाच गेलो. मामांना सांगितलंही नाही. या वेळी सगळं नीट, सभ्यपणे करू, असा विचार. माडीवरची खोली संत्र्याच्या क्रेटनी छतापर्यंत भरली होती. वासानं डोकं दुखावं इतकी. तिचं टेबल नव्हतं. डब्याच्या सागवानी बाजू तेवढ्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या, आतलं काढून झालेलं. ती आता इन्व्हर्टरच्या सर्व्हिस सेंटरला जात होती, रविवार म्हणून घरी होती.

मी म्हणालो, "तुम्ही नवीन बनवा. किंमत तुम्ही म्हणाल ती. मी अजिबात घासाघीस करणार नाही."

अब्बा म्हणाले, "साहेब, किंमत तं झाली होती."

"कधी?"

"त्याच दिवशी. पाटलानं माही बोटं दाबली, मी हो म्हटलं, त्यायनं मूठ बंद केली. सौदा झाला होता. आमी हात बाहेर काढणार, तं तुमी दुपट्टा ओढला."

मी तिथेच खाली बसलो.

"मले एवढी वर्षं झाली धंद्यात," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. "पाऊस आला म्हणून सौदा मोडला, भाव पडला म्हणून मोडला. पण मूठ बंद झाल्यावर कपडा ओढलेला मी नाई पाह्यला. वरतून कळवतो म्हणाले. कळवतो म्हणजे काय, हे लेकीच्या बापाले सांगा लागते का? पोरगी विचारे, अब्बा, काहून मोडलं? मी काय सांगू? मी म्हटलं, बेटा, आपल्या घरचा माल नको असन त्यायले."

आपल्या घरचा. त्या शब्दात काय काय होतं ते मला कळलं, आणि मी पायाखालची फरशी बघत बसलो. असं काही नव्हतं, असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मला तुमची नाही, माझ्या मामाची लाज वाटत होती, हे कसं सांगणार? ते तरी कुठे चांगलं होतं?

आणि कळवतो म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं असंही नाही. ताईला बघायला किती लोक आले. जे "छान आहे मुलगी, कळवतो" म्हणून उठले, ते पुन्हा फिरकले नाहीत. आणि ज्यांनी तिची उंची काढली, चष्म्याचा नंबर काढला, पोह्यात मीठ जास्त आहे म्हटलं, त्यांच्याच घरी ती आज सुखानं नांदते आहे. आमच्याकडे जो नावं ठेवतो तोच घेतो. हे मी दुधाबरोबर प्यायलेलं, आणि पुण्यात जाऊन विसरून आलो.

ती क्रेटला टेकून उभी होती. पहिल्यांदाच माझ्याशी तिच्या बोलीत बोलली. "मामा काहून नाई आले?"

मी म्हटलं, त्यांना काम होतं.

"त्यायनं माह्या डब्ब्याचा एक एक स्क्रू पाह्यला," ती म्हणाली. "तवाच मले वाटलं, हा माणूस घेते."

निघताना अब्बा जिन्यापर्यंत आले. म्हणाले, "सौदा पाटलासंग झाला होता. पाटील आले तं बोलू. क्रेट खाली ठेवता येतात." एवढी जागा त्यांनी माझ्यासाठी उघडी ठेवली. त्यांच्या जागी मी असतो तर ठेवली नसती.

मी अकोल्याहून अमरावतीला न थांबता तसाच मामांच्या गावाला गेलो. ते ओसरीवर तूर निवडत बसले होते. दुपट्टा मागे खुंटीवर होता. मामी पाणी घेऊन आल्या. मी सगळं सांगितलं, पाटील आले तर बोलू हा अब्बांचा निरोपही, जरा घाईघाईनं, आणि मधले काही शब्द गिळून. मामा निवडत राहिले.

"पोरीची खोली राह्यली का मंग?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली.

"संत्र्याचा वास जात नसते लवकर," ते म्हणाले. सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला.

"मामा, सौदा झाला होता ना? मला गाडीत सांगितलं काहून नाही? मी एवढं बोललो तुम्हाला."

सूप खाली न ठेवता ते साध्या आवाजात म्हणाले, "सांगून काय करतो बाप्पा? तुले माही लाज वाटून राह्यली होती."

दुपट्टा खुंटीवर होता. तो घ्यायला ते उठले नाहीत, आणि घ्या म्हणायला माझं तोंड उघडेना.